आईचा व्हॉइस मेसेज

अरे, आईचा शेवटचा व्हॉइस मेसेज ओव्हरटाइमच्या नादात ऐकायचाच राहिला. ती गेल्यावर लावला, तर फार बारीक. म्हणून भारी हेडफोन घेतला, मोबाईलला आवाज साफ करणारी डॅकची डबी जोडली. तरी तेच! मग देहूरोडचा दिलीप, माझा मित्र, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प घेऊन आला. "नुसत्या डॅकला जोर नाही राव. हा जोड."

जोडला. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. "अजून पुटपुटतीये रे."

दिलीपनं हेडफोन कानाला लावला आणि फेकलाच. "कान फुटले माझे! कारखान्यात त्या धडधडत्या प्रेस शॉपमध्ये कानात प्लग घालायचास का कधी?"

कसा घालणार? पत्रा ठोकायचा साचा, डाय, बिघडली की प्रेसच्या आवाजावरून मलाच आधी कळायचं.

मग आवाज कमी करून त्यानंच ऐकलं.

"काय म्हणतीये?"

"जेवलास का, विचारतायत."

म्हटलं, "परत सांग."