कापूस लागला की सांगा

(जावातल्या एका गावातलं आरोग्य केंद्र. परिचारिका एंडांग, जिला सगळे 'बू' म्हणजे बाई म्हणतात, पापड तळणारा तुकिमिन आणि त्याची थोरली बहीण वागिया.)

एंडांग : ...डागाच्या कडा धूसर आहेत. रंग फिकट तपकिरी. कोड असतं तर दुधासारखं पांढरं दिसलं असतं. आणि हे लाल ओरखडे कसले?

वागिया : कुलंजनाचं मूळ ठेचून चोळलं मी. चांगलं खसाखसा.

तुकिमिन : मी ओरडलो, बू. शेजारी धावत आले.

वागिया : मग काय करू? पाठीवरच्या या डागापायी मुर्नीला मागणी घालायला जात नाही हा. ती बिचारी किती वाट बघणार?

तुकिमिन : महारोग असला तर, ताई?

एंडांग : कुष्ठरोगाच्या डागाला सहसा स्पर्श कळत नाही. बघूच. डोळे मिटा, कापूस लागला की 'हो' म्हणा.

तुकिमिन : हो.

एंडांग : अजून लावला नाही.

तुकिमिन : हो... म्हणजे, तुम्ही लावणारच होतात ना.

वागिया : याला 'नाही' म्हणता येत नाही, बू. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून! वाढपी दमतात, हा जेवतच राहतो.

एंडांग : इथं माझं मन राखाल आणि दुखणं लपवाल. बोलूच नका. लागेल तिथं बोट ठेवा.

तुकिमिन : इथं... इथं... आता काही नाही. माफ करा, बू.

एंडांग : माफी कसली? मी हात मागेच घेतला होता. डागावर सगळं बरोबर कळतंय तुम्हाला. आता जरा खरवडते... हा बघा, बारीक कोंडा.

वागिया : शी!

एंडांग : शिबं आहेत. घामट अंगावर वाढणारी बुरशी. दिवसभर कढईपुढे उभे असता ना?

तुकिमिन : शेजारी झोपणाऱ्याला लागतात का?

वागिया : तुझ्या शेजारी कोण झोपतंय? मांजर?

एंडांग : नाही लागत. मलमानं बुरशी जाईल. रंग भरायला मात्र काही महिने जातील.

वागिया : झालं! आता हा रंग भरायची वाट बघत बसणार.

तुकिमिन : रंगाचं काय, ताई? तिच्या घरात दुखणं न्यायचं नव्हतं मला.

वागिया : सदरा घाल. निघू या.

तुकिमिन : वाटेत केळ्यांचा घड घेऊ. चांगला बघून. आजच मुर्नीच्या आईकडे जाऊ, मागणी घालायला.