कच्च्या नळ्या

एमोके : पुन्हा बोल. मला नीट ऐकू आलं नसेल.

बोग्लार्का : आलंय, बाई. चौथं प्रकरण खोटं आहे. मी दुपारी ते मांडणार नाही.

एमोके : दुपारी! आज दुपारी तुझ्या पीएच.डी.ची जाहीर परीक्षा. परीक्षक बुडापेश्टहून गाडीत बसलेत. तुझी आई वर माझ्या खोलीत पोगाचांच्या, त्या खाऱ्या पावांच्या टोपल्या मांडतेय, सगळ्या मजल्यावर भाजक्या चीजचा वास सुटलाय. आणि तू मला या तळघरात बोलावून सांगतेस, चौथं प्रकरण खोटं? ते काय सूपमधलं तमालपत्र आहे का गं, उचललं आणि ताटाबाहेर ठेवलं?

बोग्लार्का : ओरडा. ओरडल्याने तुटलेली नळी जोडली जाणार असेल तर मीही ओरडते तुमच्याबरोबर.

एमोके : नळी वेलीने तोडली. आपलं प्रोटीन नळीभोवती वेलीसारखं चढतं, आवळतं आणि तोडतं. ती फिल्म तू काढलीस. या तुझ्या हातांनी. ती मी अर्ध्या युरोपला दाखवून आले.

बोग्लार्का : नळी दिव्याने तोडली.

एमोके : कोणी?

बोग्लार्का : दिव्याने. या, या मायक्रोस्कोपच्या दिव्याने. काल मी वेल घातलीच नाही. पेशीला असतो तसल्या पडद्याचा थेंब घेतला, सुईने त्यातून नळी ओढली, दिवा लावला आणि नुसती बघत बसले. तुटली. दुसरी ओढली, तीही तुटली. मग दिवा बंद केला. तेवढाच वेळ अंधारात बसले आणि शेवटी डोळा मिटून उघडावा इतकाच दिवा लावून पाहिलं. शाबूत. अख्खी. सुतासारखी सरळ.

एमोके : आणि त्याचा अर्थ?

बोग्लार्का : अर्थ तुम्हाला कळलाय, म्हणूनच तुमचा आवाज खाली आला. नळी दिसावी म्हणून तिला आपण चमकता रंग लावतो. तो रंग दिव्याखाली जळतो, पडद्याला खातो. आपण बघत होतो म्हणून ती तुटत होती, बाई. आपण बघत होतो म्हणून!

एमोके : तुझ्या नळ्या कच्च्या असतील. घाईत ओढल्या असतील.

बोग्लार्का : आला! तो शब्द आलाच. सकाळपासून वाट बघतेय मी त्याची.

एमोके : कुठल्या शब्दाची?

बोग्लार्का : कच्ची. पहिल्या दिवशी तुम्ही मला काय शिकवलंत? ‘बोगी, वेल घालायच्या आधीच जी नळी तुटेल ती कच्ची. ती मोजायची नाही, तिची फिल्म पुसून टाकायची.’ मी पुसल्या. माझ्या आधीच्यांनी पुसल्या. म्हणजे वेलीशिवाय तुटलेली प्रत्येक नळी आपण फेकली, आणि मग सगळ्यांना सांगत फिरलो, बघा हो बघा, आमच्याकडे वेलीशिवाय एकही नळी तुटत नाही!

एमोके : तोंड सांभाळ. ओढताना धक्का लागून निम्म्या नळ्या तुटायच्या, म्हणून केला तो नियम. तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?

बोग्लार्का : लोरांत सरांनी विचारलं होतं तुम्हाला.

एमोके : त्याचं नाव काढू नकोस.

बोग्लार्का : काढणार. आज परीक्षेला तेच अध्यक्षाच्या खुर्चीत बसणार आहेत. देब्रेत्सेनला भरल्या सभेत त्यांनी साधा प्रश्न विचारला, एमोके, अंधारात करून पाहिलंत का? आणि तुम्ही म्हणालात, अंधारात घुबडं बघतात, आम्ही माणसं आहोत. सगळी सभा हसली.

एमोके : तूही हसलीस.

बोग्लार्का : सगळ्यांत मोठ्याने! तेच तर खातंय मला. त्या म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते, बाई. त्याने गुपचूप कागद गोळा केले आणि खाली बसला. मला तेव्हा वाटलं, काय बाणेदार आहेत माझ्या बाई!

एमोके : म्हणजे आता मी त्या माणसासमोर उभी राहून म्हणू, घुबडाचं बरोबर होतं?

बोग्लार्का : तुम्ही कशाला? उभी मी राहणार आहे. पदवी माझी जाणार आहे. तुमची खुर्ची तुमचीच राहील, घाबरू नका.

एमोके : बोगी! मी तुला… कोण आहे? कोण ठोकतंय दार?

अंब्रुश : मीच, प्रोफेसरबाई. अंब्रुश. बोगीचा बाप. येऊ का? बूट काढतो, चिखल हाय.

एमोके : या, अंब्रुशभाऊ. बूट राहू द्या.

अंब्रुश : भांडण चाललंय व्हय? आवाज पार अंगणात येतोय. मी आपला मासे विचारायला आलो. मिंदसेंतहून तीन कार्प आणलेत, जित्ते, टबात फिरतायत. कापून मीठ लावून ठेवायला पाहिजे, तरच सुपाला चव. पण हिची आई म्हणते पोरगी रडलेली दिसते, तू आधी विचारून ये. तर कापू का नको?

बोग्लार्का : नको, बाबा.

एमोके : कापा.

अंब्रुश : म्हंजे?

बोग्लार्का : थांब म्हणते मी. कदाचित आज काहीच होणार नाही.

अंब्रुश : अगं, हंडा तिपाईला टांगलाय. वॉचमन म्हणत होता हितं जाळ करू नका. त्याला म्हटलं, पोरगी डॉक्टर होतेय, तर तोच लाकडं घेऊन आला. झालंय काय?

बोग्लार्का : बाबा, तुला मी सांगितलं होतं ना, पेशीच्या आत इवल्या इवल्या पिशव्या सुटत असतात?

अंब्रुश : सांगितलंस की. डुकराच्या आतड्यात मसाला भरून आपण पीळ देतो, मग एक एक सॉसेज सुटं होतं आणि आतला मसाला भुईवर पडत न्हाई. तसं तुझं ते प्रोटीन पीळ देतं.

बोग्लार्का : पीळ देतं. ते खरं आहे. तिसरं प्रकरण. पण तोडतं असं मी चौथ्यात लिहिलंय, आणि ते मला माहीत नाही. माहीत आहे असं वाटत होतं.

अंब्रुश : मग माहीत न्हाई म्हणून सांग. त्यात रडायचं काय?

एमोके : इतकं सोपं नाही ते, अंब्रुशभाऊ. कपबशी फुटली म्हणून सांगण्यासारखं नाही. त्या प्रकरणावर इतरांनी पुढची कामं उभी केलीत. हिला पुढची जागा मिळायची आहे ती त्यावर. आणि माझं… जाऊ द्या. तुम्ही अंगणात थांबा. मी सांगते काय ते.

अंब्रुश : बरं. पण लवकर सांगा, बाई. मासा बी वाट बघून थकतो.

बोग्लार्का : बघितलंत? तुम्हाला माझ्या जागेची काळजी. मला जागा नको होती. तुम्ही आमच्या शाळेत आला होतात, आठवतं? थंडीने खिडक्या गोठल्या होत्या. तुम्ही फळ्यावर एक थेंब काढलात आणि म्हणालात, मुलींनो, पडद्याची मान आवळते, मान तुटते, इकडचं इकडे राहतं, तिकडचं तिकडे जातं, आणि थेंबभरही सांडत नाही. तुमच्या अंगात या क्षणी हे चाललंय, आणि ते कसं होतं हे पुरतं कुणालाच माहीत नाही. मी त्यासाठी आले, बाई. त्या ‘माहीत नाही’साठी. आणि तुम्ही मला पुसायला शिकवलंत.

एमोके : पुरे.

बोग्लार्का : पुरे नाही. बसा इथे. बसा या खुर्चीवर, डोळा लावा. ताजी नळी आहे. ओढून तशीच ठेवलीय, धक्का नाही, घाई नाही. वेल नाहीये आत. बाटली बघा, ती तिकडे बर्फात आहे, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. लावू दिवा?

एमोके : लाव. माझ्यावर उपकार केल्यासारखं करू नकोस.

बोग्लार्का : दिसतेय?

एमोके : दिसतेय. चांगली ओढलीयस. बारीक आहे, एकसारखी आहे. थरथरसुद्धा नाही. ही नाही तुटायची. तुला सांगते, हात स्थिर असला की… थांब. मधे फुगली. बारीक होतेय. अगं अगं अगं… गेली. कच्ची होती.

बोग्लार्का : काय म्हणालात?

एमोके : बंद कर तो दिवा.

बोग्लार्का : बाई, त्याच्या आधी काय म्हणालात?

एमोके : ऐकलंस ना? मग पुन्हा कशाला बोलायला लावतेस? तोंडातून आपोआप येतं ते. शिंक यावी तसं. एवढी सुंदर नळी, माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि मी… बोगी, किती पुसल्या असतील गं आपण?

बोग्लार्का : कोण सांगणार? पुसल्या ना.

एमोके : माझ्याकडे असं बघू नकोस. दया दाखवलीस तर हाकलून देईन. ओरडत होतीस तेच बरं होतं.

बोग्लार्का : दया कोण दाखवतंय? मला अजून तितकाच राग आहे.

एमोके : ठेव. कामाला येईल. आता मला एक सांग, तू अंधारात वेल घालून पाहिलंस का?

बोग्लार्का : नाही.

एमोके : का?

बोग्लार्का : हात धजला नाही.

एमोके : हात धजला नाही! म्हणजे दिवा नळी तोडतो एवढं तुला कळलं, आणि लगेच वेल तोडत नाही असं ठरवून मोकळी झालीस? चौथं प्रकरण खोटं म्हणे! मी न बघता ‘वेल तोडते’ म्हणाले, तू न बघता ‘तोडत नाही’ म्हणतेस. फरक काय राहिला आपल्यात? भित्री कुठली!

बोग्लार्का : हो, भ्यायले! नाही तोडली तर? पाच वर्षं, बाई. ज्या वेलीला मी लेकरासारखं बर्फात जपलं तिने काहीच केलं नसेल तर?

एमोके : तर आवळते, सोडते, तोडत नाही, असं लिही. दिव्याची चूक माझी आहे, वेलीची चूक कुणाचीच नाही. आण ती बाटली.

बोग्लार्का : आत्ता?

एमोके : मग काय परीक्षकांना पोगाचा वाढून झाल्यावर? आण. दोन नळ्या ओढ, शेजारी शेजारी. एकीला वेल, एकीला नुसतं पाणी. मी ओढू?

बोग्लार्का : नको, मीच ओढते.

एमोके : मग तू ओढ. हळू. थेंबाला टेकव सुई, थेंबाला विचार, मग मागे ये. थेंबातून नळी, नळीतून धागा… हं. तुला असंच शिकवायला पाहिजे होतं मी. नियम नव्हते द्यायला पाहिजे.

बोग्लार्का : झाल्या दोन्ही. वेल घालते. बाई, आणि दुपारी?

एमोके : दुपारी तू उभी राहशील. तिसरं प्रकरण मांडशील, ते लोखंडासारखं आहे. चौथ्याला आलीस की म्हणशील, हे मी मागे घेते, आणि आजची सकाळ सांगशील. जशी झाली तशी.

बोग्लार्का : ते पदवी देणार नाहीत.

एमोके : नाही देणार कदाचित. मला खोटा धीर देता येत नाही. पण कच्च्या नळ्यांचा नियम तू सांगायचा नाहीस. तो माझा आहे, मी सांगणार. लोरांतकडे बघून सांगणार.

बोग्लार्का : घुबडाचंही?

एमोके : घुबडाचंही. आणि तेव्हा हसलीस तर बघ. घातलीस वेल? आता खोलीतलाही दिवा मालव.

(खोलीतला दिवा विझतो. तळघरात मिट्ट काळोख.)

बोग्लार्का : मला तुमचा अजून राग येतोय.

एमोके : माहीत आहे. अंधारात तर जास्तच ऐकू येतो.

अंब्रुश : बाई? बोगी? अगं, हितली वीज गेली का काय?

बोग्लार्का : गेली नाही, बाबा. आम्हीच घालवलीय. आत ये आणि दार लाव, जिन्यातला उजेड येतोय.

अंब्रुश : लावलं. अरे देवा, नाक बी दिसत न्हाई. त्या माशांचं…

बोग्लार्का : काप, बाबा. मीठ लाव. मी दुपारी बोलणार आहे.

अंब्रुश : मग ठीक. आणि ते आतलं? तुटलं का न्हाई?

बोग्लार्का : माहीत नाही.

अंब्रुश : मग दिवा लावून बघा की एकदा.

एमोके : थोडं थांबा, अंब्रुशभाऊ. अजून बघायचं नाही.

अंब्रुश : बरं. मग मी बी डोळे मिटतो.