निळ्या काठाची शाल

(कनेशच्या राजवाड्याचं अंगण, सकाळची वेळ. व्यापारी इकूनुमनं अश्शूरहून आणलेले कापडाचे गठ्ठे सोडून ठेवलेत. कोठाराची मुद्रा सांभाळणारी हतला मुद्रा उठवायला ओली माती मळते आहे.)

इकूनुम : ती निळ्या काठाची शाल सोडून कुठलीही दहा घ्या, मावशी. पंधरा घ्या.

हतला : बाजाराआधी निवड राजवाड्याची, हे तुला मी सांगायचं? वीस वर्षं गाढवं हाकतोयस.

इकूनुम : ती विकायची नव्हतीच. हमालानं गठ्ठ्यात कोंबली. तारमनं आमच्या लेकीच्या, शिमतच्या लग्नासाठी विणलीय.

हतला : मग तारमला म्हणावं, दुसरी विण.

इकूनुम : तारम गेली. थंडीत.

हतला : ...मला कुणी बोललं नाही रे.

इकूनुम : शेवटची चार बोटं अंथरुणात बसून विणली तिनं.

हतला : दाखव. हं. इथं वीण सैल पडलीय. हे बघ, राणीसाहेबांनी सज्ज्यातून हाच निळा काठ हेरलाय. डोंगरातल्या सरदाराला पाठवायचाय. त्याच्या अंगावर आपली शाल असते, म्हणून तुझी गाढवं बिनधोक घाट उतरतात.

इकूनुम : ठाऊक आहे. म्हणून तर आजवर कधी कुरकुर केली नाही.

हतला : खोट असलेलं कापड आम्ही घेत नाही. राणीसाहेबांचा कारभारी हल्की येतोय, त्याला ही सैल वीण दाखव आणि शाल घेऊन सूट.

इकूनुम : चारचौघांत तारमच्या हाताला नावं ठेवू?

हतला : अरे, ती काय ऐकायला येणार आहे?

इकूनुम : मला ऐकू येईल ना. नाही जमायचं, मावशी. न्या मग.

हतला : अडेलतट्टू. गाढवांत राहून गुण लागलाय. आण इकडे.

हल्की : हतलाबाई, निळ्या काठाची कुठाय? राणीसाहेब थांबल्यात.

हतला : ही घ्या. पण सरदाराकडे जायची नाही ती.

हल्की : हा चिखल कसला?

हतला : माझा अंगठा. हात ओला होता, ध्यान राहिलं नाही.

हल्की : तुमचं? तीस वर्षांत मुद्रा तिरकी उठली नाही तुमची.

हतला : वय झालं, साहेब.

हल्की : धुतला तर जाईल की.

हतला : जाईल. पण धुतलेली शाल सरदाराच्या खांद्यावर घालायची, आणि त्यानं ओळखलं तर?

हल्की : राणीसाहेबांना काय सांगू?

हतला : म्हातारी वेंधळी झाली म्हणा. खोटं नाही ते.

हल्की : तुम्हाला कोठारातून काढतील, बाई.

हतला : काढू देत. गुडघे तरी सुटतील या फरशीवरून.

हल्की : ...ती पांढरी द्या. लाल काठाचीही. आणि हात पुसा आधी.

इकूनुम : (हल्की गेल्यावर) मावशी, हे तुम्ही काय केलंत?

हतला : घडी घाल लवकर. लग्नाला बोलव, जेवायला येईन.

इकूनुम : मानाच्या पाटावर बसवीन तुम्हाला.

हतला : आणि ऐक. माती वाळली की हलकेच झटक. घासू नकोस. तिथं वीण सैल आहे.