लूशन अटलांटाला निघाला, माझ्या कृपेने नव्हे

आजच्या या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर गोतिये, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आमच्या महापौर श्रीमती डोमँग, कॉलेजचे फुटबॉल प्रशिक्षक प्रुइट सर, सत्कारमूर्ती आणि माझा भाचा चिरंजीव लूशन कोमो, त्याचे आईवडील, मागे स्वयंपाकघरात अजूनही भाताच्या पातेल्यांशी झुंजत असलेल्या भगिनी, आणि बेल कूलीच्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो,

दोन शब्द बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार मानायची पद्धत आहे. मी मानतो, पण जरा जपून. कारण वक्ता म्हणून माझं नाव कोणी सुचवलं याची मी चौकशी केली, तर ते निघालं माझ्याच बहिणीचं, व्हर्लीनचं काम. ती म्हणाली, “दादा, तू जे केलंस ते गावभर लोक तिखटमीठ लावून सांगतायत. एकदा तूच सांग, म्हणजे मूळ किती आणि मीठ किती ते तरी कळेल.” तेव्हा मंडळी, मी इथे सन्मानाने उभा आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये.

बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणून ओळख करून देतो. मी ओव्हिड ट्राहान. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. लूशनचा सख्खा मामा. आणि गेल्या एप्रिलपर्यंत या गावात मला बऱ्यापैकी अक्कल आहे असा समज होता.

सत्कारमूर्तींविषयी काय बोलावं? समोर बसलेत, तुम्हीच पाहा. एका खुर्चीत मावत नाही म्हणून कार्यकर्त्यांनी त्याला बाक दिलाय. आमच्या या हातानं खेळायच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये त्याचं काम चेंडू घेऊन पळायचं नाही, टाळ्या घ्यायचं तर मुळीच नाही. आपला जो माणूस चेंडू फेकतो, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाडांना त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच. चार वर्षं त्यानं कॉलेजसाठी हे काम केलं आणि पेपरात त्याचं नाव आलं ते फक्त गुडघा दुखावला तेव्हा. त्या दिवशी मी स्टँडमध्ये होतो. त्याला उचलून न्यायला माणसं लागली, पण तो ओरडला नाही. ओरडलो मी. पंचाला उद्देशून जे बोललो ते फादरांसमोर पुन्हा बोलणार नाही, त्यांनी ते एकदा कन्फेशनमध्ये ऐकलेलं आहे.

प्रुइट सर तेव्हा म्हणाले होते, “पोरगं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उचललं गेलं असतं. आता सातव्या, शेवटच्या फेरीत गेलं तरी मेणबत्त्या लावा.” व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात ते तीन दिवस आपल्या घरांत काय वातावरण असतं, हे मी बेल कूलीच्या लोकांना सांगायला नको. लग्नघर आणि दवाखान्याची बाहेरची खोली, दोन्ही एकाच छपराखाली. एकेक संघ एकेक नाव घेतो, टीव्हीवर कोणाचं तरी पोरगं आईच्या गळ्यात पडतं, आणि आपण आपल्या टेबलावरच्या फोनकडे बघत बसतो. नाव जाहीर व्हायच्या आधी संघाचा फोन येतो. फोन आला तर आयुष्य एका बाजूला, नाही आला तर दुसऱ्या.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. “डलासहून बोलतोय,” पलीकडचा माणूस म्हणाला. लूशन उभा राहिला. “होय साहेब. आभारी आहे साहेब. गुडघा आता ठीक आहे साहेब.” त्याचे डोळे भरले, व्हर्लीननं त्याला मिठी मारली, मी लगेच शेजाऱ्यांना हाका मारायला दाराकडे धावलो. आणि मग फोनमधून पाचसात टवाळ पोरांचं हसणं ऐकू आलं. कोणाची होती, कुठली होती, देव जाणे. निवडीच्या दिवशी पोरांना असे खोटे फोन करायची टूम निघालीये हल्ली.

लूशननं फोन ठेवला आणि म्हणाला, “जाऊ दे.” एवढं मोठं शरीर, आणि आवाज इतका बारीक. खरं सांगतो, त्या वेळी ती पोरं माझ्या हाती लागली असती तर आज हा कार्यक्रम मला तुरुंगातून ऐकावा लागला असता.

त्याचे वडील, आमचे मेहुणे वेड कोमो, तेव्हा भर समुद्रात तेलविहिरीवर कामाला होते. घरात कर्ता पुरुष कोण? मी. म्हणजे असं मला वाटलं, दुसऱ्या कोणी म्हटलं नव्हतं. मी जाहीर केलं, “उद्या हा फोन माझ्याकडे. जो काही येईल तो आधी माझ्याशी बोलेल. मग पोराकडे.” व्हर्लीन म्हणाली, “दादा, तुला घरचा फोन नीट घेता येत नाही.” मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लहानपणापासून करत आलोय, आणि दरवेळी भोगत आलोय.

शनिवारी अंगणात मोठं पातेलं चढवलं. एप्रिल म्हणजे क्रॉफिशचा, आमच्या दलदलीतल्या झिंग्यांचा महिना, पोतीच्या पोती आली होती. मका, बटाटे, लाल तिखट, सगळं उकळत होतं. टीव्ही खिडकीत आणून ठेवला होता. अर्धं गाव आलं होतं. समोर बसलेल्या कितीतरी जणांचे हात त्या दिवशी कोपरापर्यंत लाल होते. मी मात्र काही खाल्लं नाही. फोन शर्टाच्या खिशात, आणि मी छाती पुढे काढून पातेल्याभोवती फिरतोय. कोणी विचारलं तर सांगायचो, “सध्या बोलू नका, मी कामावर आहे.”

चौथी फेरी गेली, पाचवी गेली. लूशन उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “मामा, नाही जमलं तर तुझ्या गॅरेजमध्ये घेशील ना मला?”

मी म्हणालो, “इंजिन उचलायला माणूस लागतोच. यंत्राचं भाडं वाचेल.”

तो हसला. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी बरं वाटलं. आतून. हा रोज सकाळी गॅरेजमध्ये येईल, आपण दोघं कॉफी घेऊ, डबा एकत्र खाऊ, तो कुठे जाणार नाही. मला पोरबाळ नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्याचं हसू तोंडभर होतं पण डोळ्यांत नव्हतं. आणि मला माझीच शरम वाटली. मनात म्हटलं, देवा, मला माणूस नको, याला फोन येऊ दे.

आणि देवानं लगेच ऐकलं. फादर, तुमच्या देवाला माझा स्वभाव माहीत नव्हता का?

फोन वाजला. नंबर पाहिला, तर सुरुवातीचे आकडे अटलांटाचे. आता बाहेरगावच्या पाहुण्यांनी समजून घ्यावं. आम्ही न्यू ऑर्लिन्सच्या संघाची माणसं, आणि अटलांटा आमचा हाडवैरी. आमच्या वडिलांनी मरताना शेवटचं जे विचारलं, ते अटलांटा हरलं का, हे. आमच्या गल्लीत कुत्र्याला शिवी द्यायची तर अटलांटा म्हणतात. आदल्याच दिवशी फसवणूक झालेली, आणि आज फोन येतो तो नेमका त्या गावाहून. याहून स्पष्ट टवाळी कोणती?

पलीकडे एक शांत आवाज. “लूशन कोमो आहेत का? मी व्हिटलो. अटलांटाहून बोलतोय.”

मी म्हणालो, “असं होय? अटलांटा?”

“हो. आम्हाला त्याच्याशी जरा गुडघ्याबद्दल…”

“ऐक रे व्हिटलो. कालपासून तुमच्या गुडघ्यांचा मला कंटाळा आलाय. आमचा पोरगा दलदलीत जाऊन मगरींचे दात घासेल, पण अटलांटाला पाय ठेवणार नाही. तुझ्या आईला सांग, पोराला वळण लाव म्हणावं.” आणि फोन ठेवला.

काय समाधान वाटलं म्हणून सांगू. मी पातेल्यापाशी परत आलो. पहिल्यांदाच एक क्रॉफिश उचललं. व्हर्लीननं विचारलं, “दादा, कोणाचा फोन?”

“टवाळ होता कोणी. अटलांटा म्हणे. असा झाडलाय, पुन्हा करायचा नाही.”

प्रुइट सर खिडकीजवळ उभे होते. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, “ओव्हिड, आत्ता अटलांटाचाच नंबर लागलाय.”

मंडळी, संघाचा नंबर लागला की नाव सांगायला त्यांना मोजकी मिनिटं असतात. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं. तुम्ही कधी तोंडात क्रॉफिश असताना तुमच्या भाच्याचं आयुष्य घड्याळात संपताना पाहिलंय? गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

व्हर्लीननं माझ्या खिशातून फोन ओढला. ओढताना खिसाही आला. तिखटानं माखलेल्या बोटांनी तिनं तो नंबर पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. लूशन जागेवरून हलला नाही. त्यानं मला एक लगावली असती तर बरं, असं मला वाटत होतं. वीस वर्षं याला सांभाळलं, पोहायला शिकवलं, आणि शेवटी याच्या वाटेत आडवं कोण आलं, तर मी.

फोन लागला. व्हर्लीन काय बोलली ते अख्ख्या अंगणानं ऐकलंय, तरी नोंद असावी म्हणून सांगतो. “साहेब, मी लूशनची आई. मघाशी बोलला तो माझा भाऊ. तो जन्मापासून असाच आहे, डॉक्टर म्हणतात काही इलाज नाही. पोरगा त्याच्यावर गेलेला नाही. गुडघ्याचं विचारायचंय ना? द्या दोन मिनिटं, तो बोलतो.”

लूशननं फोन घेतला. “होय साहेब,” म्हणाला. मग, “नाही साहेब, दुखत नाही. जिना पळत चढतो.” मग म्हणाला, “होय साहेब, सख्खा मामा.” मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पोरगं रडतंय, संपलं सगळं. तर तो हसत होता. व्हिटलो साहेबांनी विचारलं होतं, “दारात उभा राहून माणसं अडवणं हे तुमच्या घराण्यातच आहे की काय? मामांचं वजन किती?”

आणि टीव्हीवर नाव आलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी पातेल्याच्या आडोशाला बसून रडलो असं म्हणतात. मी म्हणतो, तिखट डोळ्यांत गेलं होतं. एकाच क्रॉफिशचं तिखट दोन्ही डोळ्यांत कसं गेलं, असं प्रुइट सर विचारतात. सर, प्रशिक्षकानं इतकं बारीक बघू नये.

मग सगळे ओरडायला लागले, “टोपी, टोपी.” निवड झाली की पोरानं त्या संघाची टोपी घालून फोटो काढायचा असतो. टोप्यांची जबाबदारीही मीच घेतली होती. सगळ्या संघांच्या टोप्या आणून टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. कोणती नव्हती, हे सांगायलाच हवं का? पेपरात आलेला फोटो तुम्ही पाहिलाय. निवड झालेल्या पोरांमध्ये बोडक्या डोक्याचा आमचा एकटाच.

ती टोपी मी नंतर लाफायेतला जाऊन आणली. दुकानदार ओळखीचा. त्यानं टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “काका, तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, “भेट द्यायचीय.” त्यानं ती काळ्या पिशवीत घालून दिली आणि वर आणखी एक पिशवी दिली, फुकट.

असो. फादर घड्याळ बघतायत. बाळा लूशन, उद्या सकाळी तू निघशील. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी उपदेश करायचा असतो. माझा उपदेश एकच: फोन आला तर स्वतः उचलत जा. बाकी गॅरेजसाठी तुझ्या नावाचा कामाचा कोट मी शिवायला टाकला होता, खरंच. तुझ्या मापाचं कापड मिळवायला शिंप्याला त्रास झाला. तो कोट आता मी कोणाला देणार नाही, आणि तू परत येऊन तो घालावास असंही मला वाटत नाही. माझं घर तुझ्यावाचून फार रिकामं होणार आहे रे. ते तू मनावर घेऊ नकोस.

आता शेवटचं. आभार मानतो अध्यक्षांचे, महापौरांचे, प्रुइट सरांचे, स्वयंपाकघरातल्या भगिनींचे, आणि तुम्हा सर्वांचे, की मला इतका वेळ सहन केलंत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं, असं सगळेच म्हणतात. मला मात्र झालेल्या चुकांपेक्षा पुढे होणाऱ्या एका चुकीची माफी आजच मागून ठेवायची आहे.

या मोसमात अटलांटाचा संघ न्यू ऑर्लिन्सला येईल. आपण सगळे नेहमीच्या जागी बसू, नेहमीच्या रंगात. आपला सगळ्यात दांडगा गडी त्यांच्या चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाईल, सगळं स्टेडियम उभं राहील, आणि मध्ये उभा असलेला एक पोरगा त्याला तिथेच जमिनीवर लोळवेल. त्या वेळी आपल्या बाजूला सगळे गप्प होतील, आणि फक्त एकच म्हातारा बोंब मारून नाचत असेल. तेवढ्यापुरतं, मंडळी, मला ओळखू नका.