परक्या नजरेचं कलम

(रविवारची दुपार. जेवणं झाली आहेत. ताटं अजून टेबलावरच आहेत. सासू, सून आणि मुलगा.)

मुलगा : म्हणजे तुम्हा दोघींपैकी कोणाकडेच ते कलम नाही?

सून : थांब जरा. मला पुन्हा एकदा बघू दे.

मुलगा : बघ की. मी शुक्रवारी साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहून बघून आलोय. त्यांनी एका बाजूला आईने संपादित केलेलं प्रोग्रामच्या जीवनचक्राचं मानक उघडलं, दुसऱ्या बाजूला तुझ्या चाचणीच्या मानकाचा मसुदा. आईच्या मानकात लिहिलंय, प्रोग्राम कोणी तपासायचा ते चाचणीच्या मानकात बघा. तुझ्या चाचणीच्या मसुद्यात लिहिलंय, ते आईच्या मानकात बघा. वर मलाच म्हणाले, ‘तुझ्या घरात दोन-दोन संपादक, आणि तुला हे मी सांगायचं?’

सासू : दोन घरचा पाहुणा उपाशी.

मुलगा : इथे तर घर एकच आहे, आई.

सासू : टोमणे नंतर मार. साहेबांनी पुढे काय केलं ते सांग.

मुलगा : काय करणार? लिहिणाऱ्यानेच तपासलं तरी आता कुठलं मानक मोडत नाही म्हणाले. पुढच्या महिन्यापासून तपासणीची टीम बंद. सलाईनच्या पंपाचा प्रोग्राम मी लिहिलाय, तर मीच तपासायचा आणि मीच सही करायची.

सून : अरे, पण माझा मसुदा अजून मंजूर कुठे झालाय? शेवटचं मतदान उद्या संपतंय.

मुलगा : तो मंजूर होणारच असं सगळे धरून चाललेत. तूसुद्धा. परवा केक कुठला आणायचा ते विचारत होतीस मला.

सून : नाहीये. खरंच नाहीये. आई, तुमच्याकडे तर ते पहिल्यापासून होतं ना? ‘ज्याने लिहिलं त्याने एकट्याने तपासायचं नाही, परक्या नजरेखालून गेलंच पाहिजे.’ तुम्ही कधी काढलंत?

सासू : मागच्या आवृत्तीत. म्हणजे माझ्या शेवटच्या. एकच गोष्ट दोन मानकांत लिहायची नाही, असं वरच्या समितीने ठरवलं होतं. ठरवलं ते चांगलंच होतं. पूर्वी दोन मानकं दोन गोष्टी सांगायची आणि वाचणारा आपल्या सोयीची उचलायचा. तर आमच्या गटात प्रश्न आला, हे कलम आपल्याकडे ठेवायचं की चाचणीवाल्यांकडे? मी म्हटलं, तपासणीची गोष्ट आहे, तिकडेच शोभेल.

सून : आणि आमच्याकडे आहे का, ते बघितलं नाहीत?

सासू : नाही बघितलं.

सून : का?

सासू : कारण तिथे तू होतीस.

मुलगा : म्हणजे?

सासू : म्हणजे काय? ही असताना तिथून ते कलम हलणार नाही, अशी माझी खात्री होती. दुसरं कोणी संपादक असतं तर मी सात वेळा पत्र पाठवून विचारलं असतं.

सून : आई, मीपण तेच केलं.

सासू : काय?

सून : आमच्याकडेही हाच प्रश्न आला होता. मी सगळ्यांना सांगितलं, ते कलम जीवनचक्राच्या मानकात आहे आणि तिथल्या बाई जिवात जीव असेपर्यंत ते काढणार नाहीत. आपण नुसता उल्लेख करू. कोणी हरकत घेतली नाही. मी तुमच्या नव्या आवृत्तीचं ते पान उघडूनसुद्धा बघितलं नाही.

मुलगा : एका छपराखाली राहता तुम्ही. सकाळचा चहा एकत्र पिता. एकदा विचारायचं नाही?

सासू : तुझ्याच लग्नानंतर ठरलं होतं ना ते? ही चाचणीच्या गटात आली आणि लोक बोलायला लागले, ‘सासू-सुना स्वयंपाकघरात ठरवतात आणि आपण इथे येऊन माना डोलावतो.’ एकाने तर भर बैठकीत हसत हसत म्हटलं. मला ते फार लागलं. मी हिला त्याच रात्री सांगितलं, घरात मानकांचा म काढायचा नाही.

सून : आणि मी पाळलं. इतकं पाळलं की तुमच्या निरोप समारंभाचं भाषणसुद्धा मी इतरांबरोबरच पहिल्यांदा ऐकलं.

मुलगा : वा. एवढा प्रामाणिकपणा की त्यात पाहुणा मेला.

सासू : अजून मेलेला नाही. मेला असता तर तू असा हसत बोलला नसतास.

मुलगा : हसत नाहीये मी. ऐका. गेल्या महिन्यात मी पंपाचा नवा भाग लिहिला. तीनदा वाचला, तिन्ही वेळा मला तो झकास वाटला. मग शेजारच्या टेबलवरच्या तपासणीवाल्या बाईंनी एकदाच वाचला आणि विचारलं, ‘सलाईनची पिशवी रिकामी झाल्यावर हा पंप हवा ओढत राहील का?’ माझ्या डोक्यातली पिशवी कधी रिकामीच झाली नव्हती. आता पुढच्या महिन्यापासून त्या बाई हिशेबाच्या प्रोग्रामवर जाणार. आणि माझ्या पिशव्या भरलेल्याच राहणार.

सून : हे तू मला सांगितलं नाहीस.

मुलगा : लाज वाटली. घरात दोघी जणी याच विषयातल्या, आणि मी काय सांगणार?

सासू : यात लाज कसली? आपलं लिहिलेलं वाचताना आपण कागदावरचं वाचतच नाही, मनातलं वाचतो. मला वाटतं म्हणूनच ते कलम इतकी वर्षं टिकलं.

सून : आई, ते आलं कसं पहिल्यांदा? तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

सासू : बोलायचं नाही असं ठरलं होतं ना.

सून : आता ठरलेलं सगळं मोडलंच आहे. सांगा.

सासू : मी मानकांच्या बैठकीला पहिल्यांदा गेले तेव्हा आनंदीआनंद होता. प्रत्येक देशाचं वेगळं, प्रत्येक लष्कराचं वेगळं, मोठ्या कंपन्यांचं आणखी तिसरंच. मग सगळ्यांना मिळून एक मानक करायचं ठरलं. आमचं पहिलं मानक म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा जिना. आधी सगळं ठरवा, मग लिहा, मग तपासा; मागे वळून बघायचं नाही. आणि कागद इतके, की प्रोग्राम खिशात मावायचा आणि कागदांना टेम्पो लागायचा. त्या कागदांत हे कलम नव्हतं. मी म्हटलं, घाला. ते म्हणाले, लहान देशांना तपासायला वेगळी माणसं परवडणार नाहीत, राहू दे. तिथे एकमत म्हणजे सगळ्यांना पटणं नव्हे, बाळा. कोणी हरकत धरून बसलं नाही की झालं एकमत. मी धरून बसले.

मुलगा : एकटी?

सासू : एकटीच. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझ्या टेबलावर कोणी येईना. तिसऱ्या दिवशी थकून त्यांनी कलम घातलं. पटलं म्हणून नव्हे, त्यांना विमानं गाठायची होती म्हणून.

सून : आणि मग आमची पिढी आली.

सासू : मधे ते कंपन्यांच्या कामाच्या शिस्तीला मार्क देणारे आले. कंपनीची इयत्ता कितवी, पहिली की पाचवी. मग तुम्ही आलात. कागद कमी करा, दर पंधरवड्याला चालणारं काहीतरी दाखवा, गिऱ्हाइकाला विचारून पुढे जा. मी कडाडून विरोध केला होता.

सून : आठवतंय. बैठकीत मला ‘या मुलीला घाई फार’ म्हणाला होतात. तेव्हा मी तुमची सून नव्हते.

सासू : घाई होतीच तुला. पण तुझं बरोबर होतं. आमचा जिना कोणी चढतच नव्हतं. कागद मागाहून रंगवायचे आणि तारखा मागच्या टाकायच्या. प्रत्येक आवृत्तीत थोडं थोडं गळत गेलं, आणि गळलं ते बरंच झालं. एवढं एक कलम मात्र दर वेळी राहिलं. आणि शेवटी आपण दोघींनी घालवलं, तेही एकमेकींवर विश्वास ठेवून.

सून : मला रडू येतंय. आणि राग नेमका कोणाचा येतोय ते कळत नाही.

सासू : माझा येऊ दे. सुनेला ते सोपं जातं.

सून : आई, चेष्टा नको. पाच वर्षं गेली यात. चार माणसांच्या कंपनीला पेलेल असं चाचणीचं मानक पहिल्यांदाच होतंय. ती माणसं तुमची पोथी बघूनच पळायची. ह्या मसुद्यासाठी त्यांनी सूचना पाठवल्या, आपापल्या टीमवर वापरून बघितला. उद्या तो पास झाला की गटाचं प्रमुखपदही माझ्याकडे येणार आहे. आणि शेवटच्या मतदानात मजकूर बदलता येत नाही. फार तर शुद्धलेखन. एक तर ‘होय’, नाही तर ‘नाही’.

मुलगा : आपल्या देशाने ‘नाही’ म्हटलं तर? एकाच देशाच्या मताने काय होतं?

सून : उद्या सकाळी आपल्या समितीची बैठक आहे, मत तिथे ठरेल. पण खुद्द संपादकच ‘नाही’ म्हणाली, आणि का ते सांगितलं, तर बाकीचे ‘होय’ कशाला म्हणतील? मसुदा परत जाणार. दीड-दोन वर्षं. तोवर निम्मे लोक गट सोडून जातील. मीही प्रमुख होणार नाही.

सासू : एक मार्ग आहे. मी समितीतून निवृत्त झाले असले तरी पत्र लिहायला मला कोणाची परवानगी लागत नाही. माझं मानक छापून झालंय, पण त्याला दुरुस्ती काढता येते. मी कळवते की चूक माझ्या आवृत्तीत झाली, कलम परत घाला. तुझा मसुदा जसा आहे तसा जाऊ दे. तुझ्या नावाला धक्का लागायचा नाही.

मुलगा : हे बरं आहे की.

सून : दुरुस्तीला किती वेळ लागतो, आई?

सासू : लागतो थोडा.

सून : किती?

सासू : एक वर्ष. वाद झाला तर दोन.

सून : आणि तोवर माझा मसुदा मंजूर होऊन बाजारात. ह्याच्या साहेबांनी तो मंजूर व्हायच्या आधीच टीम बंद करायचं ठरवलं. मंजूर झाल्यावर बाकीचे काय करतील? सगळ्यांच्या हातात माझं मानक असेल, नवं कोरं, आणि त्यात परक्या नजरेचा पत्ताच नसेल.

सासू : तो माझा दोष ठरेल, तुझा नाही.

सून : दोष कोणाचा ते पंपाला कळणार आहे का?

मुलगा : तू उद्या ‘नाही’ म्हणालीस तरी माझे साहेब लगेच टीम परत आणतील असं नाही हं. ते हट्टी आहेत.

सून : माहीत आहे. पण मग त्यांना माझा मसुदा दाखवून असं करता येणार नाही. आईंची दुरुस्तीही हवीच आहे. आई, तुम्ही पत्र लिहाच. मी इकडे थांबवते, तुम्ही तिकडे जोडा.

सासू : नीट विचार कर. मी हरकत घेतली ती दुसऱ्यांच्या कागदावर. स्वतःच्या पाच वर्षांवर नव्हे. मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

सून : मलाही जमेलसं वाटत नाही. पण ‘होय’ म्हणणं तर त्याहून जमणार नाही. हा रोज सकाळी डबा घेऊन निघेल, आणि मला रोज ती पिशवी आठवेल.

मुलगा : अगं, माझ्यासाठी नको करूस.

सून : तुझ्यासाठी नाही रे. तू पलंगावर झोपलेला नसशील. ज्याच्या हाताला ती सुई असेल, त्याला आपल्यापैकी कोणीच ओळखत नाही.

सासू : त्या छोट्या कंपन्यांना काय सांगशील?

सून : खरं ते सांगेन. की अजून थांबावं लागेल. रागावतील. त्यांनी रागवायलाच हवं. आपल्या समितीच्या अध्यक्षांना मात्र आजच फोन करायला हवा; उद्या बैठकीत अचानक नको. ते त्यांच्या त्या संथ आवाजात विचारतील, ‘हे नेमकं झालं कुठे? त्यांच्या गटात की तुमच्या?’ काय सांगू? तुमचं नाव मी घेणार नाही, आई. आत्ताच तुमचा सत्कार झालाय.

सासू : आणि तुझं एकटीचं मी घेऊ देणार नाही. लाव फोन.

सून : पण सांगू काय?

सासू : सांग, आमच्या घरात झालं.