उजवीकडे वळा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि विमानतळावर नोकरी करणारे एक गृहस्थ बोलत बसले होते.

“विमानांना वाट दाखवता, म्हणजे नक्की काय करता हो?”

“पडद्यावर ठिपके बघत बसायचं, ताई. एकेक ठिपका म्हणजे एकेक विमान. त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं.”

“आणि जवळ आली तर?”

“परवा आलीच. एक उतरत होतं, एक नुकतंच उडालेलं. उतरणारं सांगितलेल्या उंचीच्याही खाली आलं. दोन्ही समोरासमोर!”

“अगं बाई! मग?”

“उडालेल्याला म्हटलं, ताबडतोब उजवीकडे वळा. वळलं. दुसऱ्यातले लोक उतरून, बॅगा घेऊन घरी गेले. कुणाला पत्ताही नाही.”

“तुमच्या घरी ऐकून सगळे घाबरलेच असतील.”

“आमच्या हिला जाऊन दोन वर्षं झाली. मुलीला फोन लावला, तर म्हणाली, बाबा, गडबडीत आहे, काही विशेष? म्हटलं, नाही गं, सहज केला.”

“म्हणजे कुणालाच नाही सांगितलंत?”

“आत्ता तुम्हालाच. बघा, तुम्हाला आत बोलावताहेत. जा.”

“जाऊ दे दुसऱ्या कुणाला तरी. तुम्ही वळा म्हणालात, तर त्यानं लगेच ऐकलं का हो?”