राणीसाहेबांची सीट

नवरा : पोट आतच घेतलंय गं! याहून आत जात नाही.

बायको : अहो, श्वास सोडा आधी. गाडीपेक्षा लाल झालात.

नवरा : दहाला मैदानावर जुन्या गाड्यांची रॅली. अकरा वर्षं खपलोय मी या गाडीसाठी, आणि हिच्यात मीच मावत नाही?

बायको : सीट मागे घ्या की. आपल्या रोजच्या गाडीची, डबीची घेतो तशी. खालची दांडी ओढली की झालं.

नवरा : डबीचं कौतुक नको सांगू! ही स्पोर्ट्स कार आहे, साठ वर्षांपूर्वीची. हिची सीट सरकत नाही. मीच बोल्ट मारून पक्की केली. स्वतःचं माप घेऊन.

बायको : कधी?

नवरा : पहिल्याच वर्षी.

बायको : तेव्हा तुमची पँट पट्टा लावूनही घसरायची. अकरा वर्षांत एकदा बसून बघायचं नाही?

नवरा : रोज बसायचो! पण स्टिअरिंग कुठे होतं? ते काल बसवलं.

बायको : अरे देवा.

नवरा : हसू नकोस. बोल्ट काढायला अर्धा दिवस जाईल. साडेनऊ झालेत. संपलं सगळं.

बायको : उतरा. मी चालवते.

नवरा : तू? अगं, डबी म्हणजे चावी फिरवली की निघाली. दही घेऊन गेलीस तरी सांडत नाही. आणि ही...

बायको : त्याच डबीतून हिचा गिअरबॉक्स आला. तुम्ही तो मांडीवर घेऊन बसला होतात, चालवत मी होते.

नवरा : हिला चोक...

बायको : अर्धा ओढायचा, खोकली की आत. पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना क्लच दोनदा.

नवरा : हे तुला कोणी सांगितलं?

बायको : रोज जेवताना दुसरं काय बोलता तुम्ही? सरका तिकडे. पाय बरोब्बर पोचतायत माझे.

(इंजिन सुरू होतं.)

नवरा : ऐकलंस? ऐकलंस आवाज?

बायको : काय? दातसुद्धा वाजतायत माझे!

नवरा : दुसरा टाक! वा! पोरी, वा!

बायको : अहो, रस्ता अगदी बुडाखालून पळतोय! डबीत कळतही नाही आपण चाललोय ते. किती वेग आहे?

नवरा : चाळीस.

बायको : चाळीसच? मला वाटलं शंभर!

नवरा : तीच तर गंमत आहे हिची! सिग्नल दिसतोय ना पुढे? आत्तापासून ब्रेक दाब. जोरात!

बायको : बाई गं! थांबली एकदाची. ब्रेक मात्र डबीचेच बरे हं.

नवरा : ते कबूल. डावीकडे घे. ते बघ मैदान.

बायको : सगळे आपल्याकडेच बघतायत. मी उतरते, तुम्ही एकटे उभे राहा हिच्याजवळ.

नवरा : बस गं. इंजिन चालू राहू दे.

बायको : फार वाईट वाटलं का हो मघाशी?

नवरा : रडूच आलं होतं.

बायको : उद्या काढू ते बोल्ट. मी पाना धरते. सीट मागे घ्या आणि चालवा मनसोक्त.

नवरा : पाय नीट पोचतायत म्हणालीस ना तुझे?

बायको : हो. अगदी मापात.

नवरा : मग राहू दे तिथेच.